लेखणीआडची माणसे

साधारण १५०० ते १८०० ही तीन शतके युरोपच्या इतिहासलेखनात ‘आद्य आधुनिक’ कालखंड म्हणून ओळखली जातात. छापखाना, धर्मसुधारणा, समुद्रापारचा व्यापार ही या काळाची ठळक लक्षणे पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित असतात. परंतु समाजाच्या अभ्यासकाला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की याच काळात राजसत्ता आणि चर्च या दोघांनी सामान्य माणसाला कागदावर उतरवण्याचा सपाटा लावला. तो कधी जन्मला, कोणाशी लग्न केले, मेला तेव्हा घरात किती भांडी होती, शेजाऱ्याला त्याने कोणती शिवी दिली, हे सारे लिहिले गेले. मात्र लिहिणारा जवळजवळ नेहमीच दुसरा कोणीतरी होता.

इतिहासाच्या आधारभूत कागदपत्रांना जर्मन भाषेत ‘क्वेले’, म्हणजे झरा, असे म्हणतात आणि इंग्रजीतला ‘सोर्स’ही त्याच अर्थाचा आहे. मराठीत मात्र इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या पिढीने ‘साधने’ हा शब्द रूढ केला, आणि तो अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. कारण झऱ्याचे पाणी आपसूक वाहत येते, तर साधन कोणीतरी कशासाठी तरी घडवलेले असते. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड फॉन रांके या जर्मन इतिहासकाराने व्हेनिसच्या राजदूतांच्या अहवालांवर मोठी इमारत उभी केली. पण ते अहवाल दरबारासाठी लिहिलेले होते, त्यामुळे त्यांत राजे आणि मंत्री दिसतात, नांगर धरणारा दिसत नाही. १९२९ मध्ये मार्क ब्लॉक आणि ल्यूसियाँ फेव्र यांनी ‘आनाल’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांना जोर आला.

त्यातला सर्वांत चिकाटीचा प्रयत्न चर्चच्या नोंदवह्यांवर झाला. इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीत, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवणे बंधनकारक झाले. कॅथलिक देशांत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहनोंदी सक्तीच्या केल्या. फ्रान्समध्ये लुई आंरी याने या वह्यांतून ‘कुटुंब-पुनर्रचना’ करण्याची पद्धत बसवली: एका जोडप्याचे लग्न, त्यांच्या प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा आणि घरातले मृत्यू वेगवेगळ्या पानांवरून टिपून एका पत्रकावर आणायचे आणि त्यावरून लग्नाचे वय, दोन बाळंतपणांतले अंतर, बालमृत्यूचे प्रमाण काढायचे. काम कंटाळवाणे, पण त्यातून निघालेले निष्कर्ष चकित करणारे होते. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदाही पूर्ण झालेली नाही, त्यामुळे त्या काळी मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत असणार असा समज दृढ होता. पीटर लॅस्लेट याने १९६५ मध्ये कँटरबरीच्या विवाह-परवान्यांवरून दाखवून दिले, की वधूचे सरासरी वय चोवीसच्या आसपास होते. पुढे रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी ४०४ पॅरिशच्या वह्यांवरून इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास रचला आणि तो १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. तरीही वही बाप्तिस्म्याची आहे, जन्माची नाही, हे विसरून चालत नाही. बाप्तिस्म्याआधी दगावलेले मूल बहुधा तीत येतच नाही, आणि यादवी युद्धाच्या १६४० च्या दशकात कित्येक गावांची पाने कोरीच राहिली.

मृत्यूनंतर घरातल्या चीजवस्तूंची शेजाऱ्यांकडून केली जाणारी मोजदाद हे असेच दुसरे साधन. पिसांची गादी, पितळी हंडा, बिडाचा तवा हे सारे किमतीसह तीत मिळते; जमीन मात्र मिळत नाही, आणि मालमत्ता नवऱ्याच्या नावे असल्यामुळे विवाहित बाईचे स्वतःचे असे काही क्वचितच मिळते.

आकडे वर्तन सांगतात, मनात काय होते ते सांगत नाहीत. त्यासाठी इतिहासकार न्यायालयांच्या दप्तरांकडे वळले, आणि येथे साधनांचा पेच खऱ्या अर्थाने सुरू होतो. कारण तेथे सामान्य माणूस बोलतो, पण पकडला गेल्यावरच बोलतो. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून काढण्यासाठी चर्चने नेमलेले न्यायासन, आपल्या नोंदींत विलक्षण काटेकोर होते. प्रश्न आणि उत्तर तर सोडाच, छळाच्या वेळी आरोपीने टाकलेला उसासाही लेखनिकाने टिपावा अशी रोमन इन्क्विझिशनच्या पद्धतीत अपेक्षा होती. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील फ्रिउली प्रांतात १५७५ पासून अशा नोंदींत ‘बेनांदांती’ नावाचे लोक दिसू लागतात. गर्भाच्या पिशवीचा पडदा अंगावर घेऊन जन्मलेली ही माणसे सांगत, की वर्षातून चार वेळा ठरावीक रात्री त्यांचा आत्मा देहाबाहेर पडतो आणि बडीशेपेचे दांडे घेऊन ज्वारीची ताटे हाती घेतलेल्या चेटक्यांशी लढतो. बेनांदांती जिंकले तर पीक चांगले येते, हरले तर दुष्काळ पडतो. न्यायाधीशांच्या ग्रंथांत या प्रकाराला कप्पाच नव्हता. ते पुन्हा पुन्हा सैतानाविषयी आणि चेटक्यांच्या मेळाव्याविषयी विचारत राहिले, आणि पन्नासएक वर्षांत उत्तरेही प्रश्नांच्या साच्यात बसू लागली: पिकाचे राखणदार स्वतःलाच चेटके म्हणवू लागले. कार्लो गिन्झबर्ग याने १९६६ मध्ये हा बदल उलगडून दाखवला. त्याची युक्ती अशी, की जेथे न्यायाधीश उत्तर ऐकून गोंधळतो, तेथे उत्तर आरोपीचे स्वतःचे असण्याचा संभव सर्वांत जास्त. याच प्रांतातला मेनोक्किओ हा गिरणीवाला, दुधातून चीज आणि चिजात किडे व्हावेत तसे विश्व आणि देवदूत झाले असे सांगून १५८४ आणि १५९९ अशा दोन खटल्यांना सामोरा गेला आणि अखेरीस प्राणांना मुकला. गिन्झबर्गच्या १९७६ च्या पुस्तकाने त्याला जगप्रसिद्ध केले.

काटेकोर नोंद म्हणजे खरी नोंद असे मात्र नव्हे. जर्मनीतील बाम्बर्ग शहराच्या नगरप्रमुखांपैकी एक असलेल्या योहान्नेस युनिउस याच्यावर १६२८ साली चेटूक केल्याचा खटला चालला. अंगठे स्क्रूमध्ये पिळले असता आरोपीला वेदना होत नाहीत, अशी नोंद न्यायालयाच्या कागदांत आहे, आणि वेदना न होणे हीही त्या काळी सैतानाशी संगनमताचीच खूण मानली जाई. योगायोगाने युनिउसने कोठडीतून मुलीला चोरून पाठवलेले पत्रही उरले आहे. त्यात तो लिहितो, की नखांतून रक्त उडाले, चार आठवडे हात चालले नाहीत आणि ते तुला माझ्या अक्षरावरूनच कळेल. पाठीमागे हात बांधून आठ वेळा दोराने वर ओढले आणि खाली सोडले. शेवटी जल्लादानेच गयावया केली, की काहीतरी रचून सांगा, नाहीतर एकामागून एक हाल चालूच राहतील. मग त्याने रचले. साथीदारांची नावे हवी होती, म्हणून त्याला एकेका रस्त्याचे नाव घेऊन तेथे राहणारे कोण कोण सामील होते ते विचारण्यात आले. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांनीही मरणाला जाण्यापूर्वी त्याची क्षमा मागितली होती, हे त्याने समासात लिहून ठेवले. या खटल्याचे केवळ सरकारी दप्तर उरले असते, तर अभ्यासकाच्या हाती एक पद्धतशीर कबुलीजबाब तेवढा आला असता.

चेटकिणींच्या संख्येचा घोटाळाही सांगण्याजोगा आहे. गॉटफ्रीड क्रिस्टियान फोइग्ट या वकिलाने १७८४ मध्ये क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या मोजक्या खटल्यांवरून त्रैराशिक मांडून सबंध युरोपात ९४,४२,९९४ जणांना मृत्युदंड झाल्याचे काढले. त्रैराशिकाला शेवटच्या चार माणसांचीही खात्री होती! प्रांतोप्रांतीच्या दप्तरांवरून आजचे अभ्यासक हा आकडा चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान धरतात. परंतु नव्वद लाखांची आख्यायिका विसाव्या शतकातही प्रचारपुस्तिकांतून फिरत राहिली.

दप्तर अपुरे असले तर कल्पनेला किती वाव द्यावा, यावरही तंटा झाला. फ्रान्समधल्या आर्तिगा गावचा शेतकरी मार्तां गेर १५४८ मध्ये घर सोडून गेला आणि १५५६ मध्ये त्याच्या नावाने आलेला तोतया त्याच्या बायकोबरोबर तीन वर्षांहून अधिक काळ नांदला. या तोतयाच्या खटल्यातील न्यायाधीश ज्याँ द कोरास याने १५६१ मध्ये छापलेल्या वृत्तांतात बायको, बेर्त्रांद, फसलेली दिसते. नॅटली झीमॉन डेव्हिस यांनी १९८३ मध्ये तिला जाणती भागीदार ठरवले, आणि १९८८ मध्ये रॉबर्ट फिनले याने याला पुरावा कोठे आहे असे विचारले. तांत्रिकदृष्ट्या फिनलेचा मुद्दा बिनतोड आहे. तरी एवढे म्हणता येईल, की डेव्हिस यांचे ‘कदाचित’ वाचकाच्या डोळ्यांसमोर उघड असते, तर कोरासचे गृहीत त्याच्या निवेदनात बेमालूम मिसळलेले आहे.

या साऱ्या चर्चेत गोव्याचे स्थान वेगळे आहे. येथील इन्क्विझिशन १५६० मध्ये आले आणि १७७४ ते १७७८ चा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले, म्हणजे संस्था त्याच युरोपीय घडणीची आणि लिहिण्याची शिस्तही तीच. परंतु तेथील खटल्यांचे मूळ दप्तर बहुतांशी नष्ट झाले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याच्या, स्वतः तेथील कोठडी भोगलेल्या माणसाच्या, वृत्तांतासारख्या साधनांवर मदार ठेवावी लागली. जुआंव देल्गादु फिगैरा याने १६२३ च्या सुमारास तयार केलेली, सुमारे ३,८०० खटल्यांची सूची मात्र लिस्बनमध्ये शिल्लक आहे: नाव, आरोप, शिक्षा, अशा त्रोटक ओळी. कोणत्या प्रश्नावर कोण अडखळले, कोकणीत दिलेले उत्तर दुभाष्याने पोर्तुगीजमध्ये कसे फिरवले आणि ते ऐकून न्यायाधीश कोठे गोंधळला, हे त्या ओळींत नाही.