दोन लाख लावण्या आणि एक नाव

पठ्ठे बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्या, असे सर्रास छापले जाते. दाव्याचे मूळ त्यांच्याच कवनात आहे. हिशेब करून पाहावा. लिहिण्याची पन्नास वर्षे धरली आणि एका दिवसाचाही खाडा मानला नाही, तरी रोजच्या अकरा लावण्या होतात. आकडा अर्थातच शाहिरी आहे, समोरच्या फडाला गप्प करण्यासाठी फेकलेला. पण म्हणून तो मोडीत काढू नये. आपल्या रचना मोजणारा आणि त्या आपल्या आहेत असे ठणकावणारा कवी त्यात दिसतो. शेवटच्या कडव्यात नाव गुंफण्याची चाल राम जोशी, होनाजी, प्रभाकर यांच्यापासूनची. बापूरावांनी ती तमाशाच्या धंद्यात शिक्क्यासारखी वापरली. त्यांचे नाव टिकले ते नुसत्या प्रतिभेवर नव्हे, ते कागदावर चढले म्हणून टिकले, असे माझे म्हणणे आहे.

विट्याच्या आसपासचा मुलूख हे तपासायला सोयीचा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पुढारी विट्यात येतात, फडांचे व्यवहार इथे होतात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्यातल्या तासगाव तालुक्यातले सावळज हे उमाबाबाजीचे गाव. ‘मोहना-बटाव’ हा तमाशातला पहिला वग त्याचा मानला जातो, काळ १८६५ च्या आसपासचा. गण-गौळणीनंतर रात्रभर चालणारे कथानक ज्याच्यामुळे तमाशाला मिळाले, त्या मातंग शाहिराचे नाव अभ्यासकांबाहेर किती जणांना ठाऊक आहे? वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांच्यावर मात्र ‘पठ्ठे बापूराव’ नावाचा बोलपट १९५० मध्ये निघाला. बापूरावांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा, म्हणजे सावळजचा वग आणि हे मूल जवळपास एकाच वयाचे.

कुलकर्ण्याच्या घरात दौत-बोरू असायचाच. गावाचे दप्तर सांभाळणे हेच त्या वतनाचे काम. बापूराव तमाशात शिरले तेव्हा हा लेखणीचा सराव बरोबर घेऊन शिरले. भोवतालचे बहुतेक कलावंत महार, मातंग, कोल्हाटी समाजांतले. चाल, ठेका, अदा, हजरजबाबी बतावणी हे त्यांचे धन कानातून कानात जाणारे. तमाशात लावणी एकट्या कवीची कधीच नसते. ढोलकीवाला तिची लय ठरवतो, झील ओढणारे सुरत्ये तिला उचलून धरतात, नाचणारी एकेका शब्दाला दहा अर्थ देते. यातले वहीत उतरतात ते फक्त शब्द, आणि शब्दांच्या शेवटी कवीचे नाव असते. संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा बापूरावांच्या फडात आली आणि फडाचे नशीब पालटले, हे सगळेच चरित्रकार सांगतात. बाईच्या जागी नाच्या पोऱ्या उभा राहण्याच्या काळात ती बोर्डावर उभी राहिली. तिचा आवाज मात्र कुठल्या वहीत मावणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. बापूरावांनी वतन आणि सोवळे सोडले, जातीचा बहिष्कार सोसला, २२ डिसेंबर १९४५ ला पुण्यात हलाखीत डोळे मिटले. अशा माणसाला जातीचा फायदा मिळाला म्हणणे कृतघ्नपणाचे नाही का? त्यांचा त्याग खरा आहे. पण जात सोडता येते, तिने दिलेले अक्षर सोडता येत नाही, आणि सोडायचे कारणही नाही. खटकते ते एवढेच की ब्राह्मण तमाशात गेला ही गोष्ट ‘त्याग’ म्हणून सांगितली जाते आणि पवळा तमाशात होती ही गोष्ट सांगण्यासारखीच मानली जात नाही. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे उत्पन्न देण्याची तयारी बापूरावांनी दाखवली आणि डॉ. आंबेडकरांनी ते पैसे नाकारले, असा प्रसंग आंबेडकरी परंपरेत सांगतात. नकाराचे कारण तिथे नाचणाऱ्या बायांशी जोडले जाते. औदार्य कवीचे आणि घाम कुणाचा, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता, असे त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप अण्णा भाऊ साठ्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. तेही वाळवा तालुक्यातलेच, वाटेगावचे. मातंग, शाळा जेमतेम दीड दिवसाची. मग त्यांचे नाव कसे झाले? अण्णा भाऊ मुंबईत अक्षर शिकले, १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्यामागे पक्ष होता, छापखाना होता, वाचणारा कामगार होता. १९५९ ची ‘फकिरा’ कादंबरी आली तेव्हा शाहीर लेखक झाला होता. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळकटीच देते: कागद हाती आल्यावर उमाबाबाजीच्या समाजातल्या कवीचेही नाव टिकले.

कवलापूरच्या काळू-बाळूंचे काय, असे कुणी विचारील. ‘जहरी प्याला’ वगाने गाजलेले हे जुळे भाऊ शब्दांसाठी नव्हे, सोंगासाठी ओळखले जातात. त्यांच्यापुरती मला दुरुस्ती करावी लागते: नाव कागदाने टिकते तसे फडाच्या मालकीनेही टिकते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव बाईचे असून टिकले, कारण फडच त्या नावाने चालला. पवळेकडे वही नव्हती, आणि ज्या फडाला तिने गर्दी खेचून दिली तो ओळखला गेला बापूरावांचा म्हणून. त्यांच्या लावण्यांचा संग्रह पुन्हा कधी निघाला, तर निदान प्रस्तावनेत या लावण्या गाऊन-नाचून कुणी उभ्या केल्या, त्यांची नावे सापडतील तेवढी यावीत. पहिले नाव सापडलेलेच आहे.