गाईड मिटा, नाटक उघडा!

देवल आणि खाडिलकर म्हणजे फक्त दहा मार्कांचे प्रश्न नव्हेत. ही मंडळीसुद्धा आधी तुमच्या-आमच्यासारखे स्टुडंटच होते. फरक इतकाच, की वाचलेल्या नाटकाला त्यांनी उलट उत्तर दिलं!

'शारदा' या नाटकातील सामाजिक आशय सोदाहरण स्पष्ट करा. गुण दहा.

काही आठवलं? कॉलेजात मराठी घेतलं असेल तर असला एखादा प्रश्न तुम्हीही सोडवलाच असेल. प्रस्तावना, चार मुद्दे, समारोप. मुद्दे गाईडमधले, उदाहरणं नोट्समधली आणि अक्षर तेवढं आपलं. अख्ख्या पेपरात एक प्रश्न मात्र कधीच नसायचा. 'हे वाचून तुला काय वाटलं?'

मग डिग्री झाली, नोकरी लागली, टार्गेट्स आणि ईएमआय सुरू झाले. नाटक म्हणजे शनिवारची दोन अंकी कॉमेडी आणि मध्यंतरातला बटाटेवडा, एवढंच उरलं. जुनी नाटकं? ती तर परीक्षेबरोबरच संपली!

मी मिरजेची. आमच्या भागात नाटक टाळायचं म्हटलं तरी जमत नाही. १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि मिरजेत 'शाकुंतल'मधली शकुंतला म्हणून उभे राहिले. आज त्यांच्याच नावाचं नाट्यगृह गावात आहे. दहा किलोमीटरवर सांगली. तिथे १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. सांगलीला लागूनच हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, हळदीच्या पेवांचं गाव. गोविंद बल्लाळ देवल तिथले. आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर खुद्द सांगलीचे.

अभिमान तर आम्हाला पोतंभर आहे. चौकात नावं आहेत, भाषणांत उल्लेख आहेत. पण यातलं एखादं नाटक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंय का, असं विचारलं की बरेचजण विषय बदलतात.

तेही स्टुडंटच होते, बॉस!

देवल बेळगावात शिकत होते तेव्हा त्यांना शिक्षक कोण लाभले होते? अण्णासाहेब किर्लोस्कर! या सरांनी १८८० मध्ये कालिदासाचं 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणलं. विद्यार्थ्याने मग हाच धडा गिरवला आणि पुढे नेला. १८८७ मध्ये संस्कृतातलं 'मृच्छकटिक' मराठीत केलं, १८९० मध्ये शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. देवलांची सात नाटकं. त्यातली सहा आधीच्या कुठल्या ना कुठल्या कृतीवरून घेतलेली. म्हणजे आधी वाचक, मग लेखक.

खाडिलकरांची केस तर आणखी भन्नाट. १८९२ मध्ये पुण्यात बी.ए. झालेला हा सांगलीचा मुलगा 'हॅम्लेट' आणि 'ऑथेल्लो' वाचून बसला होता. त्यावर टिपणं काढून तो गप्प बसला नाही. १८९३ च्या सुमारास त्याने 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' लिहिलं. हॅम्लेटचं ते आतल्या आत कुढणं त्याला शनिवारवाड्यात दिसलं. ऑथेल्लोच्या कानात विष ओतणारा इयागो त्याला पेशव्याच्या अवतीभवती सापडला आणि त्याचा झाला केशवशास्त्री.

आता जरा वयं बघा. सवाई माधवराव १७९५ मध्ये गेले तेव्हा २१ वर्षांचे होते. नाटक लिहिणारा खाडिलकरही विशीच्याच उंबरठ्यावर! एका तरुणाने दुसऱ्या तरुणाचं दुःख शेक्सपिअरच्या मदतीने वाचलं. याला दहापैकी किती मार्क द्याल?

पुढे याच लेखकाने १९०७ मध्ये 'कीचकवध' लिहिलं. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही दिसला असणार, कारण १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. प्रेक्षक नुसते टाळ्या वाजवत नव्हते. ते नाटकाचा स्वतःपुरता अर्थ लावत होते आणि सत्तेला भीती होती ती त्याचीच.

शारदेला कुणी विचारलं?

आता माझ्या उत्तरपत्रिकेकडे येते. 'शारदा' १८९९ चं, देवलांचं एकमेव स्वतंत्र नाटक. पंच्याहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशाला हपापलेला बाप कांचनभट, मध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित आणि लग्नाला उभी केलेली कोवळी शारदा. परीक्षेत मी 'जरठ-कुमारी विवाहावर प्रहार' असं लिहून मोकळी झाले होते. उत्तर बरोबर होतं, मार्कही मिळाले.

पण नोकरीला लागल्यावर, घरात स्थळांची चर्चा सुरू असताना, ते पुस्तक मी पुन्हा हातात घेतलं. या वेळी गाईड नव्हतं. आणि एका जागी मी अडकले ती अडकलेच. भुजंगनाथाशी ठरलेलं लग्न मोडतं ते कशामुळे? शारदा 'नाही' म्हणते म्हणून? तिच्या आईचा जीव तुटतो म्हणून? छे! मोडतं ते वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. ऐन वेळी कोदंड ते उघड करतो. मुलीच्या नकाराने जे थांबलं नसतं, ते एका नियमाने थांबतं. त्यानंतरही शारदा सुटत नाहीच. अर्धवट मोडलेल्या लग्नाचं ओझं घेऊन ती जीव द्यायला नदीवर जाते. कोदंड तिला वाचवतो, त्यांचं लग्न होतं, पण त्यालाही शंकराचार्यांची संमती लागते.

मला आधी देवलांचा राग आला. एवढं धाडसी नाटक आणि सुटका गोत्राच्या भरवशावर? मग वाटलं, कदाचित त्यांना हेच दाखवायचं असेल. त्या मुलीच्या 'नाही'ला किंमतच नव्हती. म्हणून तिची सुटका करायची तर तिच्या जगाचाच एखादा नियम वापरावा लागला. यातलं खरं कुठलं? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या आठवड्यात घरी एका स्थळाविषयी बोलणं निघालं तेव्हा मी पत्रिका जुळत नाही, पगार कमी आहे, असली कारणं शोधली नाहीत. 'मला नको' एवढंच म्हटलं. थोडी वादावादी झाली, पण ते वाक्य माझं होतं.

जाता जाता एक गंमत. १९२९ चा बालविवाहविरोधी 'शारदा कायदा' या नाटकावरून आला असं अनेकांना वाटतं. तो हरविलास सारडा यांच्या आडनावावरून ओळखला जातो. त्यात लग्नाचं किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरलं. नाटकानंतर तीस वर्षांनी!

डीपी बघून भांडणाऱ्यांसाठी

शारदा जड वाटत असेल तर 'संशयकल्लोळ'पासून सुरुवात करा. मोलिएरचं फ्रेंच नाटक, त्यावरून मर्फीचं इंग्रजी, त्यावरून देवलांचं मराठी. संगीत 'संशयकल्लोळ' आलं ते १९१६ मध्ये, देवल गेले त्याच वर्षी. एक तसबीर चुकीच्या हातात पडते आणि फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती सगळे एकमेकांवर संशय घेत सुटतात. तसबिरीच्या जागी मोबाईलमधला एखादा फोटो ठेवा. ऑफिसातली निदान दोन जोडपी तुम्हाला लगेच आठवतील. नावं मनातच ठेवा!

मग कसं वाचायचं?

सोपा फंडा आहे. चौघं-पाचजण जमा, भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. नाटक हे बोलण्यासाठी लिहिलेलं असतं. मनातल्या मनात वाचलं की कांचनभट नुसता खलनायक वाटतो. त्याची वाक्यं स्वतःच्या तोंडून निघाली की कळतं, हा माणूस स्वतःला किती शहाणा बाप समजतो! पदं गाता येत नसतील तर गद्यासारखी वाचा, कुणी हसणार नाही. अंक संपला की प्रत्येकाने एकच सांगायचं. कुठे पटलं नाही?

पुस्तकांसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. देवल गेले १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. दोघांच्याही लेखनावरचा कॉपीराईट केव्हाच संपलाय. मिरजेत असाल तर खरे मंदिराच्या वाचनालयात डोकावा. ज्यांच्या नावाने ते उभं आहे ते वासुदेवशास्त्री खरे इतिहाससंशोधक, मिरजेच्या शाळेत संस्कृतचे शिक्षक, आणि नाटककारही! तिथेच मिरज विद्यार्थी संघाची वसंत व्याख्यानमाला होते. सांगलीत असाल तर १८६९ पासूनचं नगर वाचनालय आहेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. कृष्णेच्या पाण्याला आपण अडवू शकलो नाही. पण कपाटात जी उरली आहेत ती कुणी मागत नाही म्हणून धूळ खात पडावीत, हे तरी आपल्या हातात आहे ना?

तेव्हा या शनिवारी ग्रुपवर मेसेज टाका. 'शारदा' वाचायचंय, कांचनभट कोण होणार? पहिल्या दिवशी तिघंच आले तरी चालतील. एकेकाने दोन-दोन भूमिका घ्या!