'लॅप्स' : झाशीचे राज्य गिळणारा शब्द

विम्याचा हप्ता मुदतीत भरला नाही की पॉलिसी 'लॅप्स' होते, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. याच शब्दाच्या आधारे १८५४ साली झाशीचे राज्य गेले.

'लॅप्स'चे मूळ लॅटिन असून घसरणे, निसटणे हा त्या धातूचा अर्थ. 'कोलॅप्स' आणि 'रिलॅप्स' हीदेखील त्याचीच भावंडे. इंग्रजी कायद्यात, वेळेत न बजावलेला हक्क आपोआप संपणे, असा अर्थ त्यास चिकटला. चर्चमधील धर्मगुरूच्या नेमणुकीचा अधिकार संबंधिताने सहा महिन्यांत वापरला नाही, तर तो बिशपकडे जाई, तोही लॅप्सच.

झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी आनंदराव या बालकास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. राणी लक्ष्मीबाई यांनी १८१७ च्या तहाकडे बोट दाखविले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी मात्र, झाशी हे अंकित संस्थान असल्याने दत्तकास कंपनीची मंजुरी हवी, असा पवित्रा घेतला. दामोदरराव खासगी मालमत्तेचे वारस ठरले, राज्याचे नव्हे. राणींना दरमहा पाच हजार रुपयांचे पेन्शन देऊ करण्यात आले.

येथे व्याकरण महत्त्वाचे आहे. 'लॅप्स' हे अकर्मक क्रियापद. राज्य जणू स्वतःहून निसटले, घेणारा कोणीच नाही! मराठीने राज्य 'खालसा केले' असे म्हटले. 'खालसा' हा अरबीतून आलेला महसुली शब्द. ज्या जमिनीचे उत्पन्न जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारी खजिन्यात जाते, ती खालसा. 'केले' म्हटल्यावर करणारा कोण, हा प्रश्न उरतोच. हिंदीने तर 'हडप नीती' असा सरळ निवाडाच दिला.

आजच्या शासकीय मराठीत 'लॅप्स'साठी 'व्यपगत' हा शब्द रूढ आहे. लोकसभा विसर्जित झाल्यावर तिच्यापुढील प्रलंबित विधेयके व्यपगत होतात, हे यथायोग्यच. पण झाशी 'व्यपगत झाली' असे लिहिणे म्हणजे डलहौसींचा युक्तिवाद भाषांतरात मान्य करणे होय. तेथे 'खालसा केली' हेच योग्य.

१८५७ च्या उठावानंतर लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. झाशी मात्र परत मिळाली नाही. दामोदरराव इंदूरला पेन्शनवर राहिले.