बत्तीस हजारांची गाडी

स्मरणिकेसाठी डॉक्टराने लिहायचे म्हणजे मधुमेह, हृदयविकार किंवा परदेशप्रवास, असा आपल्याकडे जणू संकेतच आहे. माझा विषय मात्र एक जुनी मालवाहू गाडी हा आहे. तिच्यावरून आपल्या मंडळातील स्नेह्यांनी माझी पुष्कळ थट्टा केली. त्या थट्टेचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते आज देतो.

२००४ च्या पावसाळ्यात मी १९९३ सालची एक टाटामोबाईल २०६ बत्तीस हजार रुपयांना विकत घेतली. टेल्कोने पुण्यात तयार केलेली ही छोटी पिकअप १९८८ साली बाजारात आली होती आणि पुढे १९९१ ची सिएरा तिच्याच पायावर उभी राहिली. त्यामुळे या गाडीविषयी मला पहिल्यापासून कुतूहल होते. माझ्या वाट्याला आलेल्या गाडीने अकरा वर्षे लष्कर आणि डबरा यांच्या दरम्यान विटा, सिमेंट आणि भाजी वाहिली होती. दारात गाडी उभी राहिली तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दवाखान्यात रोगी कमी पडले म्हणून हा घरी आणलात का?"

प्रश्न योग्यच होता. खरे सांगायचे तर त्या वेळी माझ्यापुढे कोणताही उदात्त हेतू नव्हता. लहानपणापासून यंत्रे उघडून पाहण्याची हौस होती आणि पन्नाशीत ती भागवावी, एवढेच मनात होते.

गाडीची तपासणी मात्र मी आपल्या पद्धतीने केली. धुराचा रंग हे इंजिनाचे पहिले लक्षण. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर न जळलेले डिझेल किंवा आत शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा. आमच्या गाडीचा धूर काळा होता. चारही सिलिंडरांचा दाब मोजला, तो जवळजवळ सारखा भरला. म्हणजे इंजिन उघडण्याची गरज नव्हती. दोष नॉझल आणि डिझेल पंपाच्या जुळणीत होता. मग लहान हातोडी घेऊन चॅसिस टकटक वाजवत गेलो. निरोगी लोखंड खणखणीत बोलते, गंजलेले बद्द वाजते. छातीवर बोटे वाजवून फुप्फुसातील पाणी ओळखणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मागच्या बाजूला हातभर जागा बद्द वाजली. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडायचे ठरले.

आमचे उस्ताद हजिऱ्याकडचे. हात अतिशय कुशल, पण मते ठाम. ग्वाल्हेरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून त्यांचा सल्ला होता, "डॉक्टरसाहब, थर्मोस्टॅट निकाल देते हैं." मी नकार दिला. इंजिनाला थंड राहायचे नसते, ठरावीक तापमानाला राहायचे असते. थर्मोस्टॅट काढला की हिवाळ्यात ते तापतच नाही, डिझेल अर्धवट जळते आणि झीज वाढते. ताप उतरवायचा म्हणून कोणी शरीराचे तापमाननियंत्रण काढून टाकत नाही! आम्ही रेडिएटर उघडून क्षार काढले, नवे पाइप घातले आणि थर्मोस्टॅट नवा बसवला. पुढच्या जूनमध्ये उस्तादांनी स्वतः काटा पाहिला आणि काही न बोलता चहा मागवला.

पण ही गाडी माझ्या आयुष्यात महत्त्वाची ठरली ती उस्तादांच्या वेल्डरमुळे. चाळिशीतला, अबोल माणूस. चॅसिसचा तुकडा जोडताना तो दर पाचदहा मिनिटांनी उठून भिंतीला टेकत असे. वेल्डिंगचा धूर असेल, असे मी प्रथम समजलो. तिसऱ्या दिवशी विचारले तेव्हा कळले की, गॅरेजात येण्यापूर्वी त्याने आठ वर्षे घाटीगावच्या बाजूला दगड फोडला आणि कापला होता. छातीचा एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत वरच्या भागांत बारीक गाठी विखुरलेल्या होत्या. सिलिकोसिस.

ग्वाल्हेर म्हणजे वालुकाश्माचे गाव. आपला किल्ला त्याच दगडावर उभा आहे, गोपाचलावरील पंधराव्या शतकातील जैन मूर्ती त्याच दगडात कोरल्या आहेत. हा दगड बव्हंशी सिलिकाचा. तो कोरडा कापला की उडणारी सर्वांत बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. तीच फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि तेथे व्रण तयार करते. काम सोडले तरी हा आजार मागे फिरत नाही, पुष्कळदा वाढतच राहतो. त्यात क्षयाची शक्यता कितीतरी वाढते. नाकावर बांधलेला गमछा ही धूळ अडवू शकत नाही. कापताना पात्यावर पाणी सोडले तर धूळ जागीच बसते. इतका साधा उपाय असतो; पण तो खाणीपर्यंत कोणीतरी पोहोचवावा लागतो.

मी छातीचा डॉक्टर, आणि वीस वर्षांत असे रोगी माझ्याकडे येत ते शेवटच्या टप्प्यात. ते आधी का येत नाहीत, हा प्रश्न मी नेहमी त्यांना विचारत आलो. त्या दिवशी प्रथमच तो स्वतःला विचारला. मजुराने एक दिवसाची मजुरी बुडवून लष्करात यायचे, की आपण तिकडे जायचे? गाडी दारात उभीच होती.

ग्वाल्हेरला ही कल्पना नवी नाही. एम्प्रेस ऑफ इंडिया हे कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे जुने प्रवासी जहाज १९१४ साली ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंद्यांनी विकत घेतले, भारतीय सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय केले आणि त्याला 'लॉयल्टी' असे नाव मिळाले. पुढे ते वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेले. तेच जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आपण त्याच प्रवासाच्या स्मरणार्थ पाळतो. थट्टा करणाऱ्या स्नेह्यांना मी हे सांगे. अर्थात महाराजांची गोष्ट वेगळी, माझा सगळा संसार बत्तीस हजारांचा!

गाडीत फेरफार करताना माझ्याकडून मोठी चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. हौसेच्या भरात मी हौद्यावर जाड लोखंडी पत्र्याचे छप्पर चढवले, त्यावर सामानाची जाळी लावली आणि "मजबुती"साठी मागचे पाटे वाढवले. गाडी दिसायला रुबाबदार झाली. २००५ च्या फेब्रुवारीत मोहन्याजवळ आग्रा-मुंबई रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आली. ब्रेक दाबताच मागची चाके उडाली आणि गाडी आडवी फिरून रस्त्याच्या कडेला थांबली. शेजारी आमची परिचारिका बसली होती. कोणालाही इजा झाली नाही; पण त्या रात्री मला झोप आली नाही. वजन वर गेले होते, पाटे ताठ झाल्यामुळे हलक्या भाराला चाके रस्त्याला धरत नव्हती. दोष गाडीचा नव्हता, माझा होता.

दुसऱ्या आठवड्यात वाढीव पाटे उतरवले. छप्पर अॅल्युमिनियमचे आणि बोल्टने बसणारे केले. ब्रेकचे सर्व रबरी भाग आणि होज बदलले, जुने ब्रेक ऑइल काढून नवे भरले, कारण ते हवेतील पाणी शोषते आणि तापल्यावर दगा देते. आत घडीचे तपासणीचे बाक, पाण्याची टाकी, थुंकीच्या नमुन्यांसाठी शीतपेटी आणि फुंकर मोजणाऱ्या यंत्रासाठी वेगळी बॅटरी बसवली. ही बॅटरी रिलेमधून जोडली, म्हणजे दिवसभर यंत्र चालले तरी गाडी सुरू करायची बॅटरी उतरत नाही. हे सगळे परिवहन कार्यालयात आधी विचारून केले. हौद्यात रोग्याला बसवून गाडी कधीही हलवली नाही. मालवाहू गाडी ती मालवाहूच. आज असे काही करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय अवश्य पाहावा. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मोहन्याच्या अनुभवानंतर मला तो निर्णय जाचक वाटत नाही.

बारा वर्षे, महिन्यातून दोन रविवार, ती गाडी खाणींकडे जात राहिली. पुष्कळांची थुंकी तपासली गेली, क्षयाचे रोगी सरकारी उपचारांना जोडले गेले, दोन ठिकाणी पात्यावर पाण्याची नळी आली. सिलिकोसिस आम्ही एकाचाही बरा केला नाही. तो बरा होत नाही. आमचा वेल्डर २०१२ च्या थंडीत गेला. छपराच्या बिजागऱ्या त्यानेच बसवल्या होत्या, त्या शेवटपर्यंत कुरकुरल्या नाहीत.

२०१७ मध्ये मी पुन्हा हातोडी घेऊन चॅसिस वाजवत गेलो. या वेळी बद्द आवाज पुष्कळ ठिकाणी आला. उस्ताद म्हणाले, अजून दोन वर्षे ओढता येईल. मी गाडी भंगारात दिली. रोग्याच्या दाराशी जाणारी गाडी रस्त्यावर कोणाचा जीव घेणारी ठरू नये.

आता नवी गाडी आहे. तिच्यात बसणारे तरुण डॉक्टर मला विचारतात, "सर, जुनी गाडी घ्यावी का? तिच्यात काय काय बदल करावेत?" मी त्यांना सांगतो, आधी ब्रेक पाहा, मग चॅसिस, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी. आणि बदल काय करायचे ते, कुठे जायचे हे ठरल्यावर ठरवा. मी उलटे केले होते. त्या वेल्डरमुळे सावरलो.