लघवी उलटी जाते तेव्हा

बाळाला ताप येतो, सर्दी-खोकला काही नाही. लघवी तपासली की जंतू सापडतात आणि मग एमसीयू नावाची तपासणी करायला सांगतात. बारीक नळीने मूत्राशयात औषध भरायचं आणि बाळ लघवी करत असतानाच एक्स-रे काढायचा. औषधाची पांढरी रेघ खाली उतरायची सोडून वर किडनीकडे चढलेली दिसली, की तो रिफ्लक्स. आईबापांचा प्रश्न ठरलेला, "ऑपरेशन कधी?"

बहुतेक मुलांना ते लागतच नाही. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी, बोगद्यासारखी आत शिरते. मूत्राशय भरला की हा बोगदा चेपला जातो आणि उलटी वाट बंद होते. काही बाळांत तो जन्मतःच आखूड असतो. मूल वाढतं तसा बोगदाही लांबतो. पहिल्या-दुसऱ्या, म्हणजे सौम्य ग्रेडचा रिफ्लक्स त्यामुळे बहुतेकदा आपोआप जातो, सगळ्यात तीव्र अशा पाचव्याचा मात्र क्वचितच.

मधल्या ग्रेडचं काय? युरोपात तिसऱ्या-चौथ्या ग्रेडच्या ३०६ मुलांची जणू चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. काहींचं ऑपरेशन झालं, बाकीच्यांना रोज थोडं प्रतिजैविक देऊन वाट पाहिली. १० वर्षांचा हिशेब २००६ मध्ये आला. ऑपरेशन झालेल्यांना तापाचे संसर्ग कमी झाले, हे खरं. पण संसर्गाने किडनीवर उमटणारे नवे व्रण, ज्यांची खरी भीती असते, ते दोन्हीकडे सारखेच, आणि पहिल्या ५ वर्षांनंतर तर नवा व्रण विरळाच.

रोजच्या औषधाचाही तोरा पुढे उतरला. २०१४ च्या अमेरिकी चाचणीत ६०७ मुलं होती. औषधाने संसर्ग निम्म्यावर आले, व्रण मात्र कमी झाले नाहीत. शिवाय औषध घेणाऱ्यांना संसर्ग झालाच, तर जंतू त्या औषधाला न जुमानणारे निघण्याचं प्रमाण बरंच जास्त.

मला विचाराल तर या सगळ्यात बद्धकोष्ठाकडे फार दुर्लक्ष होतं. तुंबलेलं आतडं मूत्राशयाला रेटतं, लघवी पुरती होत नाही, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. पोट साफ ठेवणं आणि दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवणं हाही उपचारच आहे. शाळेच्या घाणेरड्या स्वच्छतागृहापायी दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलींना तो कसा जमावा?

काही व्रण संसर्गाचे नसतातच, किडनी गर्भातच तशी घडलेली असते. म्हणून स्कॅनवर व्रण दिसलेल्या मुलाचा रक्तदाब रिफ्लक्स गेल्यावरही दरवर्षी मोजायचा. मुलगी असेल तर तिची ही जुनी फाइल जपून ठेवा, गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत ती डॉक्टरांना दाखवावी लागेल.