बिऱ्हाड पाण्यावर, वाट काठाकाठाने

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. प्रवासाला निघालेल्या मराठी कुटुंबाला ती जितकी लागू पडते तितकी खुद्द विंचवालाही पडत नसेल. वळकटी आणि फिरकीचा तांब्या गेला, त्यांच्या जागी चाकांच्या बॅगा आल्या. पण रोज सकाळी बॅगा भरणे, हॉटेल सोडणे, बसच्या पोटात सामान कोंबणे आणि संध्याकाळी नव्या गावी ते पुन्हा उपसणे, हा क्रम काही सुटला नाही. या क्रमातून सुटका करून देणारी सुटीची एक तऱ्हा युरोपात गेली काही दशके चांगली रुळली आहे. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांतील मुले-मुली आज नोकरी-शिक्षणानिमित्त त्या बाजूला आहेत आणि आई-वडिलांचे तिकडे जाणे-येणे होत असते. म्हणून तिची ओळख येथे करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

कल्पना अगदी साधी आहे. एक छोटी बोट असते. प्रवाशाने पहिल्या दिवशी तिच्यावरील आपल्या केबिनमध्ये सामान लावायचे आणि आठवड्याने शेवटच्या दिवशीच ते उचलायचे. रोज सकाळी न्याहारी करून पाण्याची बाटली आणि डबा घ्यायचा, डेकवर उभी असलेली आपली सायकल काठावर उतरवायची आणि वाटाड्याच्या मागोमाग निघायचे. इकडे बोट आपल्या वाटेने, नदीतून नि कालव्यातून, पुढच्या मुक्कामाकडे जाते. संध्याकाळी एखाद्या गावाच्या धक्क्याला ती उभी दिसली की दिवस संपला. गाव रोज नवे, पण अंथरूण, ताट आणि शेजारी तेच.

नदीकाठ आणि सायकल यांची ही सोयरीक जुन्या व्यवहारातून आलेली आहे. बोटींना इंजिने नव्हती त्या काळी काठावरून घोडे, आणि कधी माणसेही, दोराने बोटी ओढून नेत. त्यासाठी पाण्याच्या कडेने सलग पायवाटा राखल्या जात. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. पुढे वाफ आली, तेल आले, ओढणारे घोडे गेले आणि वाटा मागे राहिल्या. जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने जाणारा सुमारे ३०० किलोमीटरचा प्रसिद्ध सायकलमार्ग पुष्कळ अंशी अशाच जुन्या वाटांवरून जातो.

बोटींचेही तसेच. या सहलींसाठी वापरल्या जाणाऱ्या बोटींपैकी अनेक पूर्वी मालवाहू बार्ज होत्या. फ्रान्समध्ये १८७९ साली कालव्यांच्या मापासंबंधी कायदा झाला आणि सुमारे साडेअडतीस मीटर लांब व पाच मीटर रुंद असे बार्जचे एक माप ठरून गेले. फ्रान्सपासून बेल्जियम-नेदरलँड्सपर्यंत अशा बार्जमधून कोळसा, धान्य, वाळू यांची ने-आण होत असे. पुढे मालट्रक वाढले, मोठी जहाजे आली आणि या लहान बार्जना मालाचे भाडे परवडेनासे झाले. तेव्हा कित्येक मालकांनी कोळशाच्या कोठारात केबिन बसवल्या, खिडक्या पाडल्या, वर सायकलींना जागा केली. गोव्यातील वाचकांना बार्ज हा शब्द परका नाही. मांडवी-जुवारीतून लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्ज त्यांनी वर्षानुवर्षे पाहिल्या, आणि २०१२ सालच्या खाणबंदीनंतर त्यांतल्या कितीतरी काठाला निकामी उभ्या राहिलेल्याही पाहिल्या. उद्योग बसला की नावेचे काय होते हे त्यांना निराळे सांगायला नको.

या सहलींतील सर्वांत परिचित वाट नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅमपासून बेल्जियममधील ब्रुजपर्यंतची. साधारणतः सात रात्रींचा हा प्रवास, आणि रोजची मजल तीस ते पन्नास किलोमीटरांची. वाटेत रुप्याच्या कारागिरीसाठी नावाजलेले स्खोनहोव्हन लागते. पुढे किंडरडाइक येथे १७४० च्या सुमारास उभारलेल्या पवनचक्क्या एका ओळीत दिसतात. त्या एकूण १९ आहेत आणि १९९७ पासून जागतिक वारसास्थळांत गणल्या जातात. आपण पवनचक्की म्हटली की दळण डोळ्यांपुढे आणतो. या चक्क्यांचे काम मात्र पाणी उपसण्याचे. त्या देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालून मिळवलेल्या त्या जमिनीवर साचणारे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून नदीत सोडावे लागते. बांधावरून सायकल चालवताना एका हाताला उंचावर नदी आणि दुसऱ्या हाताला खाली घरांची छपरे, असे उलटे दृश्य दिसते. मग त्या उपशाचे महत्त्व नकाशावाचून कळते.

पुढे झीलंड प्रांत येतो. १९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या दरम्यानच्या रात्री उत्तर समुद्राला आलेल्या उधाणात येथील बांध फुटले आणि देशात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राष्ट्राने समुद्राची मुखे अडवण्याचे प्रचंड काम हाती घेतले. त्यातील ऑस्टरस्खेल्डेचा सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा बांध १९८६ मध्ये पुरा झाला. त्याची दारे एरवी उघडी असतात, म्हणजे भरती-ओहोटी आणि शिंपले-मासे यांचे जीवन चालू राहते. समुद्र खवळला की ती खाली सोडतात.

बेल्जियममध्ये शिरल्यावर अँटवर्पला स्केल्ट नदीच्या पोटाखालून जाणारा ५७२ मीटर लांबीचा भुयारी मार्ग आहे. तो १९३३ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांसाठी खुला झाला. तेथले जुने लाकडी सरकते जिने अजून पाहायला मिळतात. तेथून गेंटपर्यंतच्या नदीत भरती-ओहोटी चालते, म्हणून कप्तानाला निघण्याची वेळ पाण्याला विचारून ठरवावी लागते. मग गेंट, आणि अखेरीस कालव्यांनी वेढलेले ब्रुज.

वाटाड्याचे काम केवळ रस्ता दाखवण्याचे नसते. रात्रीच्या जेवणानंतर तो नकाशा पसरून उद्याची वाट, चढ-उतार, वारा, चहाच्या जागा सांगतो. पंक्चर काढणे त्याच्याकडेच. कित्येक वाटाडे एक सोपी रीत पाळतात: वळण आले की पुढच्या एका सायकलस्वाराला तेथे उभे करतात, तो मागून येणाऱ्यांना दिशा दाखवतो आणि शेवटचा गडी गेल्यावर निघतो. त्यामुळे सावकाश चालवणाऱ्याला धावाधाव करावी लागत नाही. ज्यांना वाटाड्याशिवाय जायचे असेल त्यांच्यासाठी रस्त्यांच्या प्रत्येक मिळणीवर आकडे लावलेले असतात. ही पद्धत बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात १९९५ साली ह्युगो बोलेन नावाच्या खाण-अभियंत्याने सुरू केली, आणि पुढे ती नेदरलँड्सनेही उचलली. चार-सहा आकडे कागदावर टिपून घेतले की दिवसाची वाट ठरली.

आमच्या मते या सुटीचा खरा गुण दुसराच आहे. आपल्या कुटुंबात सत्तरीच्या आजी, गुडघे कुरकुरणारे बाबा, चाळिशीतली सूनबाई आणि पंधरा वर्षांचा नातू अशी सारी एकत्र निघाली, की सहलीचा वेग कोणाचा धरावा हा प्रश्न पडतो. आजींचा धरावा तर नातू कंटाळतो. नातवाचा धरावा तर आजी हॉटेलात एकट्या बसतात. बोटीच्या सहलीत ज्याला सायकल चालवायची नसेल त्याने त्या दिवशी बोटीवरच राहावे, अशी मुभा बहुधा असते. आणि तो दिवस वाया जात नाही. बोट लॉकमध्ये शिरते, मागचे दार लागते, पाणी भरू लागते आणि बोट भिंतीच्या कडेने हळूहळू वर चढते, हे पाहणे हाच एक सोहळा असतो. बॅटरीच्या सायकली भाड्याने मिळू लागल्यापासून तर साठी ओलांडलेल्यांचीही सोय झाली आहे. दिवसभर प्रत्येकाने आपल्या बेताने जावे आणि संध्याकाळी एका टेबलाशी बसून आज काय पाहिले ते एकमेकांना सांगावे, हे सुख आमच्या दृष्टीने मोठे आहे. कारण एकत्र कुटुंबात सांगण्यासारखे वेगवेगळे काही राहिले, तरच संध्याकाळच्या गप्पा रंगतात.

हे वाचून कोणी म्हणेल, त्यांचे रस्तेच तसे, त्यांचे काय विचारता! येथे थोडा इतिहास सांगणे जरूर आहे. ते रस्ते पूर्वापार तसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातही मोटारी वाढल्या, चौक मोटारींना मोकळे झाले आणि सायकलवाला कडेला सारला गेला. १९७१ या एका वर्षात तेथे रस्ता-अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपले मूल अशा अपघातात गमावलेले पत्रकार विक लांगेनहॉफ यांनी १९७२ मध्ये ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली लेख लिहिला. त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आई-बापांनी आपल्या गल्ल्या मोटारींना बंद करून मुलांना खेळायला सोडले. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली, त्या वर्षी ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारींविना पाळले गेले आणि रिकाम्या रस्त्यांवर लोकांना आपलेच शहर नव्याने दिसले. पुढे हेग आणि टिलबर्ग या शहरांत सलग सायकलमार्गांचे प्रयोग झाले आणि हळूहळू देशभर त्यांचे जाळे विणले गेले. आज आपल्या आजी ज्या वाटेवरून निर्धास्तपणे सायकल चालवू शकतील, त्या वाटेमागे त्या आई-बापांचे दुःख आणि हट्ट आहे, हे सहलीच्या आनंदातही विसरू नये.

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असा. ट्यूलिपची फुले पाहायची असतील तर एप्रिलचा मध्य उत्तम. शेंगेन व्हिसा एकच असला तरी दोन्ही देशांना चालतो. वाहतूक उजव्या बाजूने असते. पहिल्या दिवशी सवय आपल्याला डावीकडे ओढते, म्हणून दर वळणावर सावध राहावे. चढ नाहीत, पण समोरचा वारा चढासारखाच दमवतो, आणि पाऊस सांगून येत नाही. पातळ रेनकोट नेहमी जवळ हवा. केबिन लहान असतात आणि जिने खडे. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांनी पायऱ्या किती, हे आधीच विचारून घ्यावे. शाकाहारी असल्यास नोंदणी करतानाच कळवावे, आयत्या वेळी आचाऱ्याची आणि आपलीही पंचाईत होते. बायकांसाठी मधला दांडा नसलेल्या सायकली मिळतात, तरी साडीचा आग्रह धरू नये. निघण्यापूर्वी दोन महिने घराजवळ रोज थोडी सायकल चालवावी. ही सहल स्वस्त नाही. परंतु मुक्काम, दोन वेळचे खाणे, दुपारचा डबा आणि प्रवास असे सारे बहुधा एकाच रकमेत येते, हे हिशेब करताना ध्यानात घ्यावे.

एवढ्या दूर जाणे सर्वांना शक्य नाही, हे आम्ही जाणतो. पण पाणी आणि सायकल यांचा मेळ आपल्या ओळखीच्या मुलखातही घालता येतो. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत सायकल चढवावी आणि दिवाडी बेटावर उतरावे. शेतांमधल्या, खाजणांच्या कडेच्या वाटांनी बेट पार करावे आणि पलीकडच्या फेरीने नार्व्याला जावे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान या बेटावरच होते. पोर्तुगीज अमलात देव नदीपार गेला आणि तेथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी १६६८ मध्ये करविला. म्हणजे देवाच्याच वाटेने आपण जातो. रायबंदरहून चोडणला गेले तर तिवरांच्या बनातले सलीम अली पक्षी-अभयारण्य आहे. कोकणातही दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत किनाऱ्याने सायकलवर जाणारी तरुण मंडळी आता दिसू लागली आहेत. येथे मुक्कामाची बोट नाही, वाटाडा नाही आणि रस्त्यावर सायकलीचा निराळा पट्टाही नाही. म्हणून पहाटे लवकर निघावे आणि मुलांना मधे ठेवून चालावे.

आणि आपापल्या गावीही एक गोष्ट करण्यासारखी आहे. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो, आपल्या घरची मुले शाळेला सायकलवर जाऊ शकतात का, हे एकदा त्यांच्याबरोबर सायकल चालवून पाहावे. जेथे भीती वाटेल तो चौक, तो खड्डा, ते वळण टिपून घ्यावे आणि चार शेजारी मिळून नगरपालिकेकडे अर्ज द्यावा. एका अर्जाने होणार नाही, दुसरा द्यावा. नेदरलँड्समध्येही ते एका वर्षात झाले नव्हते.