दुकानात तंबू कधी येतो?

ऑगस्टअखेर पुण्या-मुंबईतल्या ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात तंबू मागितला, तर ‘दसऱ्याच्या सुमाराला या’ असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. रेनकोट आणि पाँचो भिंतभर टांगलेले असतात. तंबू एखाददुसरा, तोही गेल्या वर्षीचा. दुकानदाराला हंगाम कळत नाही असं मुळीच नाही. पाऊस ओसरला की पवना, भंडारदरा, हरिश्चंद्रगड इथे मुक्कामाला जाणारे वाढतात आणि 31 डिसेंबरपर्यंत मागणी चढत जाते, हे त्याला पाठ असतं. तरीही तो थांबतो, कारण घाऊक व्यापाऱ्याचे पैसे कधी चुकते करायचे ती तारीख त्याला आधी बघावी लागते.

हिशेब करून पाहू. समजा, 3,000 रुपयांचा एक असे 20 तंबू घ्यायचे आहेत. बिल 60,000 रुपयांचं, उधारी 45 दिवसांची. माल 1 ऑगस्टला उचलला तर पैसे 15 सप्टेंबरला द्यायचे. मुंबईतून मोसमी पाऊस परततो तो सर्वसाधारणपणे 8 ऑक्टोबरला. म्हणजे एकही तंबू न विकता 60,000 रुपये गल्ल्यातून काढावे लागणार. तोच माल 1 ऑक्टोबरला घेतला तर मुदत 15 नोव्हेंबरपर्यंत जाते आणि बिलाचा बराचसा भाग विक्रीतूनच सुटतो. उधारी 90 दिवसांची मिळाली, तर ऑगस्टच्या मध्यालाही माल भरायला हरकत नाही. तंबू तेच, गिऱ्हाईकही तेच. फक्त मुदत बदलली की फळीवर माल दीड महिना आधी येतो.

त्यात दिवाळी दरवर्षी सरकते. लक्ष्मीपूजन 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला होतं, 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला. समजा, दोन्ही वर्षी 15 सप्टेंबरला माल घेतला. मुदत 30 ऑक्टोबरला संपते. पहिल्या वर्षी दिवाळी मुदतीच्या आत, दुसऱ्या वर्षी बाहेर. म्हणून जुने दुकानदार खरेदीची तारीख ठरवताना पंचांगही उघडतात.

हे 45 दिवस आले कुठून? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर 15 दिवस. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. पण छोटा कारखानदार हे व्याज मागून गिऱ्हाईक तोडायला सहसा धजावत नाही. पुढे आयकर कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली: अशा उद्योगाचे पैसे मुदत उलटून दिले, तर ती रक्कम प्रत्यक्ष दिल्या वर्षीच खर्चात धरली जाते. ऑक्टोबरात घेतलेल्या तंबूंचे पैसे जानेवारीत दिले तरी आर्थिक वर्ष एकच, त्यामुळे कराला धक्का लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये उधारीवर भरलेले रेनकोट मात्र अडचणीचे, कारण त्यांचे पैसे थकले तर 31 मार्च मध्ये येतो. पावसाळी माल एप्रिलवर ढकलावासा वाटण्याचं हेही एक कारण आहे. ही तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ती लागू होत नाही. त्यामुळे लांब उधारी हवी असलेला दुकानदार कारखान्याऐवजी घाऊक व्यापाऱ्याकडे वळतो. किंमत थोडी जास्त पडते, वेळ मिळतो.

सगळ्यात जास्त ओढाताण होते ती दोन हंगामांच्या सांध्यावर. तंबूंसाठी लागणारं भांडवल छोट्या दुकानात पावसाळी विक्रीतूनच उभं राहतं. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2023 साली तो 25 जूनला आला, 2025 साली 26 मेलाच. समजा, दुकानदाराने 25 एप्रिलला 45 दिवसांच्या उधारीवर रेनकोट भरले. बिल 9 जूनला भरायचं. 2025 मध्ये तोवर दोन आठवडे छान विक्री झालेली असते. 2023 मध्ये मोसमी पाऊस येण्याआधीच मुदत संपते. मग एकतर बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून पैसे काढायचे किंवा पुरवठादाराला थांबवायचं. ज्याला जूनमध्ये थांबवलं, तो सप्टेंबरमध्ये तंबू देताना ‘आधीचं चुकतं करा’ म्हणणारच. जूनमध्ये लांबलेला पाऊस असा ऑक्टोबरातल्या तंबूंपर्यंत पोचतो.

पुरवठादाराची बाजूही समजून घ्यायला हवी. तंबू बाहेरून, मुख्यतः चीनमधून आणणारा आयातदार काही रक्कम आगाऊ देतो आणि उरलेली बहुधा माल ताब्यात येण्याआधी भरतो. शिवाय दुकानदाराने पैसे दिले नसले तरी विक्रीवरचा जीएसटी त्याला साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो. म्हणून तो रोखीला सूट देतो. समजा, 45 दिवसांच्या उधारीऐवजी लगेच पैसे दिल्यास 2 टक्के सूट. ऐकायला किरकोळ, पण वर्षाच्या हिशेबात ती साडेसोळा टक्क्यांच्या आसपास जाते. कॅश क्रेडिटचं व्याज 12 टक्के असेल, तर कर्ज काढून रोखीने घेणं फायद्याचं. मात्र माल मुदतीत विकला गेला तरच. फेब्रुवारीत ऊन तापू लागल्यावर उरलेला तंबू पुढच्या ऑक्टोबरपर्यंत जागा आणि पैसा दोन्ही अडवून बसतो.

यावर जुना उपाय जांगडाचा: माल ठेवून घ्यायचा, विकेल तेवढ्याचे पैसे द्यायचे, उरलेला परत. जीएसटीत यालाही वाव आहे. जांगड मालाचं बिल विक्री पक्की होताना, पण माल निघाल्यापासून उशिरात उशिरा सहा महिन्यांनी करावं लागतं. माझ्या मते नव्या दुकानांनी महागडे तंबू याच पद्धतीने मागावेत आणि पुरवठादारांनी ते द्यावेत. फळीवर दिसला तरच असा माल विकतो.

तुम्हाला नोव्हेंबरात चार माणसांचा चांगला तंबू हवा असेल, तर सप्टेंबरमध्येच ओळखीच्या दुकानात जा, थोडी आगाऊ रक्कम देऊन मागणी नोंदवा. दुकानदाराच्या बिलातला तेवढा भाग आधीच फिटलेला असतो, आणि तुमचा तंबू तो पहिल्या खेपेतच मागवतो.